विरजण

"अरे, दही लागतच नाहीये," एवढं म्हणून ही फोनवर गप्प झाली. आमच्याकडे दुपारचा एक, ग्लासगोला सकाळचे साडेसात. तिच्या मागच्या खिडकीत मिट्ट काळोख. काचेचा वाडगा तिने कॅमेऱ्यासमोर तिरका केला. आतलं दूध दूधच होतं, फक्त जरा रुसल्यासारखं दिसत होतं.

सप्टेंबरात ती गेली, एकटीच. काम दोन वर्षांचं, आणि इथे माझी नोकरी नि ७८ वर्षांची आई. त्यामुळे मी कोथरूडात आणि ती तिकडे, हे ठरायला फारसं काही लागलं नाही. ठरवायला वेळ लागला तो बॅगेत काय भरायचं याचा. २३ किलोंची मर्यादा, आणि हातात धरायचा तो लोंबता वजनकाटा. भाजणी आत, भाजणी बाहेर, गोडा मसाला आत, मेतकूट अर्धं. शेवटच्या रात्री आईने टूम काढली की दह्यात रुमाल बुडवून वाळवून न्यावा, तिकडे कोमट दुधात टाकला की झालं विरजण. भारतातून दूधदुभतं तिकडे नेऊ देत नाहीत. "विमानतळावर त्या माणसाला मी रुमाल समजावत बसू का?" असं म्हणून हिने तो विषय संपवला.

तर त्या विरजणाने असा सूड घेतला.

"कोमट म्हणजे किती?" तिने विचारलं. इंजिनिअर बाई. मी कुठेतरी वाचलेलं ठोकून दिलं, चाळीस ते पंचेचाळीस अंश. आतल्या खोलीतून आई ओरडली, "करंगळी बुडवायची आणि दहापर्यंत मोजायचं! चटका बसला तर थांबायचं!" मग ओव्हनचा नुसता दिवा लावून आत भांडं ठेवणे, हिरव्या मिरचीचे देठ टाकणे, जाडसर शालीत गुंडाळणे असे सगळे उपाय झाले. देठांचं पहिलं दही खायचं नसतं, त्याचं फक्त विरजण करायचं, हेही आईने आतूनच सांगितलं. पुण्यात मे महिन्यात सकाळी लावलेलं दही दुपारी आंबट होतं आणि जानेवारीत तेच भांडं तांदळाच्या डब्यात पुरावं लागतं. तिकडे तर बाराही महिने आमच्या जानेवारीचेच.

एक वाजताचा हा फोन मला माझ्या झोपेतून काढून द्यावा लागतो. पुणेकराने दुपारची झोप सोडणे याला काय म्हणतात हे बाहेरच्यांना कळणार नाही. वेळेचा हिशेब मात्र सोपा आहे. मनगटावरचं काट्यांचं घड्याळ उलटं धरायचं, की तिकडची वेळ दिसते. आपले बारा वाजले असले, तर उलट्या घड्याळात साडेसहा. ही गंमत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंतच चालते. मग ते लोक आपली घड्याळं तासभर पुढे सरकवतात आणि साडेपाच तासांचे साडेचार होतात. पहिल्या वेळी मी हे विसरलो होतो.

नवरा परदेशी गेला की मागे राहिलेल्या बाईला लोक धीराची म्हणतात. बायको गेली की नवऱ्याला डबे देतात. पहिल्या महिन्यात माझ्याकडे पाच घरचं अळू आलं. मला स्वयंपाक येतो असं सांगून पाहिलं. कोणाला पटलं नाही आणि अळू चांगलं होतं, म्हणून मीही फार ताणलं नाही. "व्हिडिओ कॉल असतो ना हल्ली, मग काय," असं म्हणणाऱ्यांना मात्र मी डबा परत देताना त्यात काही घालत नाही.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे वाड्यातलं वळण. शनिवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. बाबांची बँकेतून नांदेडला बदली झाली होती, ते महिन्यातून एकदा रात्रीच्या एसटीने यायचे. मी तिसरीत असेन. दुपारी आई माझ्या हातात स्टीलची वाटी द्यायची, "जा, काकूंकडून विरजण आण." काकू मागच्या चौकात. पण वाटेत हौद, हौदाशी गोट्या खेळणारी मुलं. एकदा वाटी गोट्यांनी भरली आणि भान आलं तेव्हा देवघरातली निरांजनं लागली होती. काकू दारात आल्या, वाटीकडे पाहिलं. "दिवे लागले रे. आता विरजण द्यायचं नसतं. उद्या ये." मी रडवेला होऊन, वाटीत काकूंनी घातलेली चार साखरफुटाणी घेऊन घरी. आई रागावली नाही. तिने दिवा लावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवताना ताकही होतं, आणि मी काही ते मोजायच्या वयात नव्हतो.

परवा रविवारी ही पुन्हा फोनवर. वाडगा उलटा केला तरी काही सांडलं नाही. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. "संपवू नकोस, चमचाभर काढून ठेव," मी म्हटलं. तेच सांगायला ती तोंड उघडत होती. फोन ठेवल्यावर मी आईजवळ मटार सोलायला बसलो आणि सहज म्हणून त्या वाटीची, काकूंची, गोट्यांची गोष्ट तिला सांगितली. तुझं विरजण त्या दिवशी माझ्यामुळे राहिलं, असं काहीतरी म्हटलं.

"घरात होतं की विरजण," आई म्हणाली. शेंग फोडली, दाणे पातेल्यात टाकले. "टपाल दुपारी यायचं."

मटार अर्धा किलोच होते, पण सोलायला आम्हाला बराच वेळ लागला.