वाढवणची जनसुनावणी : हरकत लेखी देण्याचा माझा अनुभव

डहाणू तालुक्यातल्या वाढवणच्या किनाऱ्यासमोर होणाऱ्या बंदराची जनसुनावणी जाहीर झाली तशी मी आधी पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश मिळवला. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान ३० दिवस नोटीस द्यावी लागते, आणि स्थानिक भाषेतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी लोकांना बघायला ठेवावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. खरी माहिती असते ती इंग्रजी अहवालात, आणि तो भलामोठा. मी त्यातली भरती-ओहोटीचा पट्टा, तिवरं आणि मासेमारी यांवरची पानं बाजूला काढली आणि तेवढीच पुन्हा पुन्हा वाचली.

कारण वाढवणचा किनारा खडपांचा. ओहोटीला पाणी लांब मागे सरतं, खडपं उघडी पडतात. बायका कालवं काढायला जातात, डबक्यांतून माशांची पिल्लं दिसतात. मासळीची पैदास कुठे होते हे इथे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. या किनाऱ्यासमोर, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार. मग भरतीचं पाणी कुठे वळेल? गाळ कुठे साचेल? खडपांवर चिखल बसला तर कालवं जगतील का? आणि आम्हा डहाणूकरांच्या पारनाक्याच्या किनाऱ्याची धूप वाढली तर तिथलं पर्यटन, लोकांची छोटी हॉटेलं, टपऱ्या यांचं काय? माझी सगळी हरकत या एका पाण्याच्या प्रवाहाभोवती होती. अहवालातल्या पानाचा क्रमांक आणि त्याखाली प्रश्न, असंच सगळं लिहिलं.

मागचा इतिहासही जोडला. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेला आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथल्या बंदराला नकार दिला होता. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. मधल्या काळात खडपं बदलली नाहीत, समुद्र बदलला नाही. मग निर्णय कशामुळे बदलला, हे मला लेखी हवं होतं.

सुनावणी १९ जानेवारी २०२४ ला पालघरला झाली. वाढवण, वरोरच्या माणसांना ते लांबच. तोंडी बोलायला वेळ थोडा मिळतो, म्हणून लेखी हरकत जरूर द्यावी. दोन प्रती न्या, एकीवर पोचेचा शिक्का घ्या. इतिवृत्त शेवटी लोकांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. ते होईपर्यंत उठू नका. आपला मुद्दा त्यात नसला तर तिथल्या तिथे सांगता येतं, घरी आल्यावर नाही.

फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी मिळाली, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली, ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं. ‘मग एवढं लिहून काय मिळवलंस?’ असं शेजारच्या मावशींनी विचारलं. मी त्यांना मंजुरीचं पत्र दाखवलं. मंजुरी अटींवर असते, आणि अटी पाळल्याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो सगळ्यांना खुला असतो. आता मी तो मागवते आणि तिवरं, गाळ, मासेमारी हे तीन मुद्दे आधी वाचते. मावशींनी कालवं काढणाऱ्या बायकांकडून किती कालवं मिळतात, कुठल्या खडपावर मिळतात, हे वहीत लिहायला सुरुवात केली आहे. पुढच्या अहवालाशी ती वही ताडून बघायची आहे.