होज बदलताना ओ-रिंगला ग्रीस किती, कुठलं आणि कुठे

स्कूबा रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा डायव्हरला श्वासासाठी देणारं यंत्र. त्याचा होज, म्हणजे हवेची लवचिक नळी, बदलणं म्हणजे दोन पाने (स्पॅनर) आणि पंधरा मिनिटांचं काम. त्यात घोळ होतो तो बहुधा ग्रीसचा. भरपूर ग्रीस थापलं की हवा अडते, हा समज काही केल्या जात नाही. हवा ग्रीसमुळे अडत नाही. खाचेत दाबलं जाऊन धातूला घट्ट टेकलेलं ओ-रिंगचं, म्हणजे गोल रबरी कडीचं, रबर ती अडवतं. ग्रीसचं काम एवढंच की होज आवळताना रिंग धातूवरून सरकावी. कोरडी रिंग अडकते, पिळते आणि पोर्टच्या (होज जिथे आवळतात त्या भोकाच्या) कडेवर चिरते.

म्हणून प्रमाण अगदी थोडं. मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस तीन-चार रिंगांना पुरतं. चिमटीत धरून रिंग फिरवा. रबर नुसतं ओलसर चमकलं की पुरे. पांढरा थर दिसला तर पुसून काढा. जास्तीचं ग्रीस बाहेर येऊन तारकर्लीची वाळू धरून ठेवतं आणि पुढच्या वेळी होज काढला की तीच वाळू रिंगखाली जाते. आट्यांना ग्रीस अजिबात नको. आटे गुळगुळीत झाले की हाताला अंदाज येत नाही आणि पाना गरजेपेक्षा जास्त फिरतो.

फर्स्ट स्टेजच्या (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या) पोर्टमधली रिंग एकदा बसली की हलत नाही. तिथे ग्रीस फक्त बसवण्यापुरतं. सेकंड स्टेजकडचं (तोंडात धरायच्या भागाकडचं) टोक आणि प्रेशर गेजच्या मानेतला छोटा स्पूल (दोन रिंगा असलेली बारीक पोकळ दांडी) मात्र पाण्यात सतत फिरत असतात, तिथे कोरडेपणा चालत नाही. गेजच्या मानेतून बारीक बुडबुडे येतात ते बहुतेक वेळा या स्पूलच्या दोन रिंगांमधूनच. स्पूलवर चरे पडले असतील तर नुसत्या रिंगा बदलून भागत नाही, स्पूलच नवा घाला.

ग्रीस सिलिकॉनचं, डायव्हिंगसाठीचं. व्हॅसलीन, गाडीचं ग्रीस, खोबरेल तेल यांतलं काहीही नको. रिंग ईपीडीएम रबराची असेल तर पेट्रोलियममुळे ती फुगते. शिवाय जास्त ऑक्सिजनमध्ये असलं तेल पेट घेऊ शकतं. ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन वापरायचा असेल तर सिलिकॉनही चालत नाही. तिथे क्रिस्टो-ल्यूबसारखं ऑक्सिजनला चालणारं ग्रीस लागतं, आणि त्याआधी जुन्या ग्रीसचा कणही उरणार नाही अशी पूर्ण सफाई. ते काम घरी करू नये. आणि शेंगाचटणी-भाकर खाऊन उठलेल्या हातांनी यातल्या कशालाच हात लावू नये, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला हवं.

रिंगांसाठी पुण्या-मुंबईकडे बघायची गरज नाही. बेअरिंग आणि हायड्रॉलिकच्या दुकानात नंबर सांगून विचारा. लो प्रेशरच्या (सेकंड स्टेजला हवा देणाऱ्या) नेहमीच्या ३/८ इंची पोर्टला ०११, हाय प्रेशरच्या (गेजकडे जाणाऱ्या) ७/१६ इंची पोर्टला ०१२, होजच्या सेकंड स्टेजकडच्या टोकात ०१०, गेजच्या स्पूलवर ००३. दुकानदार ‘हीच बसंल की’ म्हणत ८ × २ मिलिमीटरची (आतला व्यास × जाडी) रिंग पुढे करतो. ०११ आहे ७.६५ × १.७८. डोळ्यांना फरक कळत नाही, पण जाड रिंग पोर्टच्या कडेवर चेंगरते आणि दाब आला की बाहेर डोकावते. नायट्राइल रबर चालतं, लो प्रेशरला ७० ड्युरो (रबराच्या कडकपणाचं माप), हाय प्रेशरला शक्यतो ९०.

आता कृती. सिलिंडर बंद, पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून सगळी हवा बाहेर, मगच पाना. दाबाखाली काहीही सैल करायचं नाही आणि आवळायचंही नाही. जुना होज काढला की पोर्टमध्ये टॉर्चने बघा. जुनी रिंग आत चिकटून राहते आणि नव्या होजवर स्वतःची रिंग असतेच. दोन रिंगा एकावर एक बसल्या की कितीही आवळा, गळणारच. अडकलेली रिंग पितळी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने काढा. टाचणीने खाचेवर ओरखडा पडला तर तिथून हवा निघत राहते आणि नवी रिंगही तिला अडवू शकत नाही.

नवा होज आधी बोटांनी फिरवा. दोन-तीन आटे सहज जायला हवेत; अडलं तर उलटं फिरवून पुन्हा धरा. हाताने पूर्ण बसला की पान्याने जेमतेम एक हलका झटका. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) असेल तर साधारण ४.५ न्यूटन-मीटर. फर्स्ट स्टेज बहुतेक वेळा पितळेची, म्हणजे मऊ धातूची असते, क्रोमची चमक पाहून पोलाद समजू नका. सेकंड स्टेजकडे दोन पाने लागतात: एकाने सेकंड स्टेजचीच छोटी नळी (होज नव्हे) धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. नळी फिरली की सेकंड स्टेजची सेटिंग हलते.

सोलापूरचा उन्हाळा हा रबराचा खरा वैरी. पारा ४२-४३ वर असताना पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेलं किट आणखी तापतं, आणि दाबलेली रिंग तशीच चपटी होऊन बसते. काढल्यावर ती गोल न दिसता एका बाजूने सपाट दिसली तर ग्रीस लावून पुन्हा वापरू नका, फेका. किट घरातल्या कपाटात, होज न मुडपता. धुवायला बोअरचं पाणी घेतलं तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्या, नाहीतर सांध्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो.

घरी सिलिंडर नसेल तर चाचणी मालवणला पोहोचल्यावर, बोटीत चढायच्या आदल्या संध्याकाळी. गेजची काच स्वतःपासून दूर वळवा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, सगळे सांधे बादलीत बुडवून दहा मिनिटं बघा. सुरुवातीला सांध्यात अडकलेली हवा दोन-चार बुडबुड्यांत निघते, तिला घाबरू नका. एकाच जागेवरून ठरावीक वेळाने बुडबुडा येत राहिला तर ती गळती. मग व्हॉल्व्ह बंद करून गेजचा काटा आणखी दहा मिनिटं बघा. तो खाली सरकला तर हवा पर्ज करून तो सांधा पुन्हा उघडा. त्यासाठी बॅगेत प्रत्येक नंबरच्या दोन-दोन रिंगा, आधीच ग्रीस न लावलेल्या, काळ्या पिशवीत ठेवलेल्या असाव्यात.