एका कपावर किती वेळ बसावे?

युरोपातील प्रवासात संग्रहालयांपेक्षा जुन्या कॉफी हाऊसांत माझा अधिक वेळ गेला आणि त्याची मला मुळीच खंत नाही. त्यांतले सर्वांत आवडते म्हणजे व्हिएन्नातील कॅफे श्पेर्ल. १८८० साली सुरू झालेल्या या कॅफेत आजही बिलियर्डची टेबले आहेत, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आहेत आणि वाचकांसाठी लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रे आहेत. दुधाचा फेस असलेली मेलांज कॉफी तेथे छोट्या तबकात, पाण्याच्या ग्लासासह येते आणि त्या एका कपावर सारी दुपार काढली तरी वेटर बिल पुढे करत नाही. ते आपणच मागायचे असते. ऑस्ट्रियाने २०११ साली ही कॉफी हाऊस संस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली, त्यामागे कॉफीच्या चवीपेक्षा या निवांतपणाचाच वाटा मोठा असावा.

व्हिएन्नातलेच १८७६ सालचे कॅफे सेंट्रल याहून कितीतरी देखणे आहे. उंच कमानींखाली, दाराजवळच, तेथे नित्य बसणारा लेखक पेटर आल्टेनबर्ग पुतळ्याच्या रूपाने आजही बसलेला आहे. मात्र बाहेरची पर्यटकांची रांग दिसत असताना निवांत बसणे मला जमले नाही.

व्हेनिसच्या सान मार्को चौकातील फ्लोरियान १७२० सालचे. तेथे बसण्याचे मोल उघडपणे घेतले जाते: वाद्यवृंद सुरू असला की बिलात संगीताचा आकार वेगळा लागतो. मला तो खटकला नाही, कारण सोनेरी चित्रांनी मढवलेल्या त्या छोट्या दालनांत ऑस्ट्रियन सत्तेच्या काळातील व्हेनिसवासी जमत, तर ऑस्ट्रियन अधिकारी चौकात समोरच असलेल्या क्वाद्री कॅफेत बसत, ही हकीकत तेथेच बसून आठवण्यात निराळी गंमत होती.

इटलीतल्याच पादुआ शहरातील १८३१ सालचे कॅफे पेद्रोक्की या बाबतीत सर्वांत उदार. १९१६ पर्यंत ते रात्रंदिवस उघडे असे आणि त्याच्या हिरव्या दालनात काहीही न मागवता वाचत बसण्याची मुभा देण्याची परंपरा आहे. तेथील पांढऱ्या दालनाच्या भिंतीवर ८ फेब्रुवारी १८४८ च्या विद्यार्थी उठावातील गोळीची खूण जपलेली आहे. मी हिरवे दालनच निवडले आणि मुभा असूनही पुदिन्याच्या क्रीमची कॉफी मागवली. ती ढवळायची नसते. थंड, हिरवट क्रीमखालून कडू, गरम कॉफी ओठांपर्यंत येऊ द्यायची असते.