पावणी

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले. रात्रीचे साडेनऊ. लाइट संध्याकाळपासून गेलेली, मेणबत्तीवर लिहितेय.

काल बाजारात एक शब्द कानावर पडला, तो काही डोक्यातून जात नाही. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजाराला इकडे मेळघाटात घुंगरू बाजार म्हणतात. गाई राखणारे थाट्या घुंगरं बांधून, बासऱ्या वाजवत बाजारभर नाचतात. अंगणवाडीची मदतनीस आणि मी कडेला उभ्या होतो. कापडवाल्याने तिला विचारलं, ह्या कोण? ती म्हणाली, "पावणी आहे आमच्या गावची. लांबून आली." आणि माझ्यासाठी त्याच्याकडून स्टूल मागून घेतलं. "बस बाई, पाय दुखतीन."

किती मायेने म्हणाली. तरी स्टुलावर बसले आणि घशाशी काहीतरी आलं. चौदा महिने झाले मला इथे. गावातल्या प्रत्येक बारक्या पोराचा दंड माझ्या हाताखालून गेलाय. कुपोषण तपासायला दंडाला पट्टी गुंडाळायची, फार आवळायची नाही, खिडकीतला आकडा वाचायचा. साडेबाराच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. कुठल्या घरात कुठला रंग हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. आणि मी पावणी.

आता खरं ते लिहिते. शब्द काल टोचला, पण दुखत होतं आधीपासून. पाडव्याला टेकडीवर जाऊन घरी फोन लावला, रेंज तिथेच मिळते. सूनबाई म्हणाली, "आई, येणार असाल तेव्हा आधी सांगा हं, पाहुण्यांची खोली आवरून ठेवते." ती खोली आमची. ह्यांचं शेवटचं आजारपण त्याच खोलीत. तिच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. निघताना मीच म्हटलं होतं, खोली बंद ठेवू नका, वापरा. वापरतायत. मग माझी तक्रार कशाबद्दल आहे?

चिपळूणला पाहुणी, इथे पावणी. शब्द एकच. मग माझं घर कुठे आहे, हा प्रश्न चौसष्टाव्या वर्षी पडावा याचंच वाईट वाटतं. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, दिवाळीच्या रात्रपाळ्या केल्या, तेव्हा कधी पडला नाही. तेव्हा सकाळी परत जायला एक दार होतं, आणि ते उघडायला

असो.

नरकचतुर्दशीला पहाटे एकटीने उटणं लावलं. पाणी बंबातलं नाही, चुलीवरच्या पातेल्यातलं. कारीट इथे कुठून मिळणार! आमच्याकडे तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, आणि मग पाच तऱ्हेचे पोहे. मी उंबऱ्यावर उगाच उभी राहिले, अंगठा जमिनीवर दाबून. समोरच्या घरची मुलगी बघत होती. तिने काही विचारलं नाही, तिला कोरकूखेरीज येत नाही आणि मला कोरकू अजून तुटकीच येते. ही भाषा मुंडा कुळातली, तिचे नातलग सगळे तिकडे झारखंड-ओडिशाकडे. इथे तिच्या चारी बाजूंना मराठी, हिंदी, गोंडी. आपल्या माणसांपासून इतक्या लांब किती शतकं राहिली असेल, आणि तरी या गावातली पोरं पहिला शब्द तिच्यातलाच बोलतात. हे वाचलं तेव्हापासून ती भाषा मला जवळची वाटते. आज जरा जास्तच.

आज संध्याकाळी म्हातारी आली. तिच्या नातीचा दंड पावसाळ्यात ११.२ होता. मी आणि मदतनीस दिवसातून चार-चारदा त्यांच्या दारात जायचो. परवा मोजला तेव्हा ११.९ भरला. पिवळा. मदतनीस आणि मी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत राहिलो. आणि उद्या पहाटे ते सगळं घर वीटभट्टीवर निघालंय. दिवाळी झाली की गाव असंच रिकामं होत जातं. होळीला परततात, होळी हाच ह्यांचा मोठा सण. म्हणजे चार महिने. तिथे त्या पोरीला दिवसातून कितीदा खायला मिळेल? मी आकडे आणि तारखा कागदावर लिहून तिच्या आईच्या बटव्यात घातल्या, जाल तिथल्या अंगणवाडीत दाखवा म्हणून तीनदा सांगितलं. शेंगदाणे आणि गूळ बांधून दिला. याहून जास्त काय करता येतं मला सुचलं नाही, आत्ताही सुचत नाही.

म्हातारी मात्र वेगळ्याच कामाला आली होती. दारात थांबली नाही, हाक मारली नाही. सरळ आत आली, चुलीजवळची माझी पाटी पायाने बाजूला सारली आणि तिथे टोपला ठेवला. टोपल्याखाली तिची तांबडी कोंबडी आणि चार पिल्लं. "होली को आते," म्हणाली. मग कनकीची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली आणि बोट नाचवून दम भरल्यासारखं सांगितलं, "रात को टोपला ढाकना. बिल्ली आती." एक पिल्लू लंगडं आहे, ते उचलून मला दाखवलं, कनकी त्याला आधी टाकायची. बसा म्हटलं तर बसली नाही, बांधाबांध राहिली होती. जाताना फडताळावरची माझी काडेपेटी घेऊन गेली.

मी चहा करायला उठले तर काडेपेटी नाही, तेव्हा लक्षात आलं. निखारा होता म्हणून निभावलं. खूप दिवसांनी मनापासून हसू आलं. पावणीच्या घरातून काडेपेटी न विचारता कोण नेईल?

सूनबाईला उद्या टेकडीवरून फोन करीन. खोलीबद्दल काही बोलायचं नाही. होळीपर्यंत येता येणार नाही एवढं सांगायचं, कोंबडी आहे म्हणून.

मघाशी टोपल्यात फडफड झाली. जाऊन वर आणखी एक दगड ठेवून आले. लंगडं पिल्लू आईच्या पंखाखालून चोच बाहेर काढून बसलं होतं.