आतून रंगवायची गाडी

रत्नागिरीला मिरजोळे औद्योगिक वसाहतीजवळ माझे रंगकामाचे गॅरेज आहे. टेम्पो, रिक्षा आणि मोटारी रंगवण्यात वीस वर्षे गेली, तरी मास्किंगमधली, म्हणजे रंग लागू नये तो भाग झाकण्यातली, माझी खरी परीक्षा झाली ती गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, एका रिमोट कंट्रोल मोटारीच्या बॉडीवर.

शेजारच्या काकूंचा नातू मुंबईहून सणाला आला होता. 1:10 प्रमाणाच्या मोटारीची, 190 मिलिमीटर रुंदीची कोरी पारदर्शक बॉडी त्याने कापडात गुंडाळून आणली आणि म्हणाला, "काका, काळा पट्टा, लाल बाजू आणि पांढरे छप्पर हवे. रेघा मात्र कापल्यासारख्या दिसल्या पाहिजेत." पॉलिकार्बोनेटसाठीचे, म्हणजे या बॉडीच्या पारदर्शक प्लास्टिकसाठीचे रंग, ब्रशने लावायचा आणि सुकल्यावर कापून सोलता येणारा द्रव मास्क आणि काचांच्या आकाराचे स्टिकर त्याने सोबत आणले होते. हे रंग वेगळेच असतात. पातळ बॉडी आदळून वाकते तेव्हा मोटारीचा नेहमीचा रंग तडकून सुटतो, हे लवचीक असल्याने टिकतात.

अशी बॉडी आतून रंगवतात, म्हणजे धडकांत रंग खरवडला जात नाही. पण त्यामुळे सगळा क्रम उलटा होतो. जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत काचेवरची चित्रे असत, त्यांत रेषा आणि बारकावे आधी रंगवून पार्श्वभूमी शेवटी भरलेली असे. इथेही पहिला हात हाच बाहेरून दिसणारा हात असतो. त्यावर नंतर कितीही रंग मारला तरी चूक झाकली जात नाही. शिवाय पांढऱ्यामागे काळा गेला तर पांढरा मळकट दिसतो, म्हणून गडद रंग आधी आणि फिका शेवटी. लालामागे पांढरा आला की लाल उजळतो, हा त्यातला फायदा.

भांड्यांच्या साबणाने बॉडी आतून धुऊन मी ती सुकवली, खिडक्यांना स्टिकर लावले आणि द्रव मास्कचे चार जाड हात दिले. बाहेर श्रावणसरी चालू होत्या, हवा ओली होती, त्यामुळे मास्क सुकायला अख्खी रात्र गेली. सकाळी नवे पाते घेऊन पट्ट्याच्या रेघा कापायला बसलो. या कापण्यात सगळी कला बोटांच्या दाबात आहे, कारण पाते मास्कच्या पार जायला हवे पण प्लास्टिकला लागता कामा नये. बॉडीची जादा कड काढताना आपण मुद्दाम चरा पाडून तिथेच ती वाकवून तोडतो. तसाच चरा चुकून मधोमध पडला, तर पहिल्या धडकेत बॉडी त्याच रेघेवर फुटेल.

पट्ट्यावरचा मास्क सोलून काळ्याचे तीन हलके हात दिले, आणि रेघ खरोखर कापल्यासारखी आली. त्या आनंदात मी चूक केली. छपराची कड सरळच आहे म्हणून मी ती मास्कमध्ये कापली नाही. छपरावरचा मास्कही सोलून तिथे वेळ वाचवण्यासाठी मोटारींना वापरतो तो सुरकुत्यांचा कागदी टेप लावला, आणि लालाचा पहिलाच हात जरा ओला मारला. टेप काढला तेव्हा सुरकुत्यांखालून लाल रंग छपरात दोन मिलिमीटर शिरलेला दिसला.

माझा हात सवयीने थिनरच्या बोळ्याकडे गेला. मोटारीवर मी तेच केले असते. सुदैवाने बॉडीच्या खाली कापून टाकायची कड अजून जागेवर होती. तिच्यावर आधी एक थेंब लावून पाहिला, तर पुसताच प्लास्टिक दुधाळ झाले. तोच डाग छपरावर पडला असता तर तो कशानेही गेला नसता, आणि पोराची बॉडी कायमची वाया गेली असती.

मग मी बांबूची काडी टोकदार तासून घेतली, दिव्याखाली बॉडी धरली आणि सुकलेला लाल रंग कडेपासून आत, कणाकणाने खरवडत बसलो. बांबूने रंग निघतो आणि प्लास्टिकला ओरखडा पडत नाही. तीन-चार सेंटिमीटरच्या कडेला पाऊण तास लागला. पांढऱ्यासाठी मात्र पाऊस थांबण्याची वाट पाहिली, कारण रंगातले द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि रंगावर धुके चढते. दुपारी उघडीप मिळाली. बॉडी हेअर ड्रायरने कोमट करून पांढऱ्याचे धुक्यासारखे पातळ हात दिले.

संध्याकाळी त्या मुलाने बाहेरची संरक्षक फिल्म स्वतः सोलली. छपराच्या कडेवर त्याने बोट फिरवले, मग बॉडी उजेडात धरून ती कड पुन्हा पाहिली. "काका, हीच रेघ सगळ्यांत चांगली आलीय," तो म्हणाला. मी त्याला काडी दाखवली आणि घडलेले सगळे सांगितले.

कापून उरलेली कड, तिच्यावरच्या दुधाळ डागासकट, मी थिनरच्या डब्यावरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे.