जुनी लांब पल्ल्याची रायफल घ्यावी का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. ग्वाल्हेरात हा प्रश्न मला सारखा कोणी ना कोणी विचारतं, आणि तो थोड्याफार फरकाने असाच असतो: कुणाच्या तरी वडिलांची शिकारी रायफल विकायला आहे, .३०-०६ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं, त्यातल्या काडतुसाचं माप), परदेशी बनावटीची, वर दुर्बीण बसवलेली. मालक म्हणतो, पाचशे यार्डांवर नेम लागतो. माझ्याकडे परवाना आहे, तर घेऊ का?

मी उलट एवढंच विचारतो की चालवणार कुठे? याचं नीट उत्तर नसेल तर माझा सल्ला ‘घेऊ नका’ असा असतो, रायफल कितीही देखणी असली तरी.

शिकारीसाठी म्हणाल तर तो विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपला. आपल्याकडच्या जुन्या मराठी घरांत अजून शिवपुरीच्या शिकारीच्या गोष्टी निघतात, बैठकीत काळविटाची शिंगं असतात. त्याच शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं आणि शेजारच्या कुनोत २०२२ पासून चित्ते आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. नीलगाय आणि रानडुकरं पिकाची नासाडी करतात हे खरं आहे, इथल्या डबरा भागातल्या शेतकऱ्यांचे हाल मी पाहतो. पण त्यासाठीही अधिकाऱ्यांची वेगळी लेखी परवानगी लागते. पीकरक्षणाचा परवाना खिशात आहे म्हणून जनावरावर गोळी घालता येत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. .३०-०६ ची गोळी चुकली, वर गेली, तर चार किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. आपला मुलूख सपाट आहे. मोहरीच्या शेतामागे वस्ती, वस्तीमागे रस्ता. चंबळच्या घळी रिकाम्या वाटतात, पण तिथे गुराखी असतात, सरपण गोळा करणाऱ्या बायका असतात. गोळी अडवणारा मातीचा उंच बांध जिथे नाही, तिथे सरावाला म्हणूनसुद्धा एक काडतूस उडवू नये. रीतसर रेंज म्हणाल तर सामान्य माणसाला मिळणाऱ्या बहुतेक रेंज दहा, पंचवीस, पन्नास मीटरच्या. तीनशे मीटरच्या बहुतेक सैन्याच्या किंवा निमलष्करी दलांच्या. म्हणजे पाचशे यार्डांचे पैसे मोजायचे आणि रायफल कपाटात ठेवायची. त्यातून त्या पाचशे यार्डांचं गणितही ऐका. दोनशे यार्डांवर नेम बरोबर बसेल अशी जुळवलेली .३०-०६ पाचशेवर साधारण एक मीटर किंवा जास्तच खाली मारते, आणि आडवा मध्यम वारा तिला अर्धा मीटर बाजूला नेतो. हे अंदाज पक्के व्हायला एकाच जातीची भरपूर काडतुसं लागतात. आपल्याकडे काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, परदेशी माल क्वचित दिसतो, आणि घरी काडतुसं भरणं साध्या परवान्यात बसत नाही.

किमतीचंही समजून घ्या. ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला बाहेरून बंदूक मागवता येत नाही. त्यामुळे देशात जो परदेशी माल आधीच आहे तोच हातोहात फिरतो, आणि झिजला तरी महाग होत जातो. मालक जास्त सांगतो म्हणून वस्तू चांगली, असं इथे अजिबात धरू नये.

आता समजा तुम्ही खरोखर बिग बोअरचे, म्हणजे मोठ्या काडतुसांच्या रायफलीचे, नेमबाज आहात, तीनशे मीटरची रेंज मिळते आहे. मग जरूर बघा, आणि बघायला वेळ काढा. चांगली बोल्ट-ॲक्शन रायफल (मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने ओढून काडतूस भरायची) पिढ्यान्‌पिढ्या टिकते, मला त्या वस्तूंबद्दल फार प्रेम आहे. आधी रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, बोल्ट बाहेर काढा. नळीतून ओढून काढलेली कोरडी पांढरी चिंधी तांबूस निघाली तर तो गंज. मग नळी उजेडाकडे धरून मागून बघा. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, कडेला धारदार दिसले पाहिजेत. मधे काळे ठिपके, खड्डे दिसले तर कारण बहुधा जुनी काडतुसं असतात. त्यांच्या बुडाच्या टोपीत (ठिणगी पाडणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून नळीत क्षार उरतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. तेलाने तो निघत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जाणती माणसं नळी आधी गरम पाण्याने धुवायची, पूर्ण सुकवायची आणि मग तेल लावायची. ज्या घरात ही शिस्त नव्हती तिथली रायफल बाहेरून चकचकीत आणि आतून खाल्लेली असते. नळीच्या तोंडाची कडही बोटाने, नखाने तपासा. पुढून गज घालून साफ केलेल्या नळीची कड एका बाजूला घासलेली असते, आणि गोळी बाहेर पडते ती शेवटी त्याच कडेवरून.

बोल्टवर आणि बॉडीवर दोन्हीकडे नंबर असतील तर ते जुळतात का पाहा. बोल्ट बदललेला असेल तर काडतुसाच्या बुडाशी किती फट राहते ते गेज लावून जाणकार मिस्त्रीकडून तपासल्याशिवाय फैर करू नये. दुर्बिणीसाठी रायफल घट्ट शिकंजात बसवा, दूरच्या भिंतीवर खूण धरा आणि डायल वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवा. दुर्बिणीतली नेमाची फुली खुणेवर परत आली नाही तर दुर्बिणीची किंमत शून्य धरा.

आपल्या भागात आणखी एक पाहायला हवं. मालक वारले की वारसांना रायफल ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. मुलांचा परवाना होईपर्यंत, किंवा न होताच, ती तिथे वर्षानुवर्षं पडून राहते. निवडणूक आली की कलेक्टरच्या आदेशाने जिवंत परवान्यांवरच्या बंदुकाही जमा होतात. पावसाळाभर बिनतेलाची उभी राहिलेली रायफल कुंद्याच्या (लाकडी दस्त्याच्या) आत, लाकूड आणि लोखंड जिथे टेकतात तिथे सडते. मिस्त्रीकडून कुंदा उतरवून ती जागा पाहून घ्या. विकणारा नको म्हणाला तर उठून या.

माझ्या भाच्याने अशीच एक रायफल पसंत केली होती. नळी उत्तम, बोल्ट मूळचा. तरी मी त्याला आधी कागद मागायला लावले. घरात आजोबांची ३१५ बोअरची रायफल आणि बारा बोअरची बंदूक त्याच्याच परवान्यावर आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्याही त्यातच धरून. म्हणजे तिसरी घ्यायची तर आजोबांची एक काढावी लागली असती. ३१५ विकायला तो तयार झाला नाही, आणि मला ते पटलं. सध्या तो एका क्लबात पॉइंट टू-टू (.२२) या लहान बोअरच्या रायफलीवर पन्नास मीटरचा सराव करतो.

तुमचा विचार पक्का असेल तर विकणाऱ्याकडून रायफलीच्या नंबराचा फोटो आणि त्याच्या परवान्याची प्रत आधी घ्या. परवान्यावर युनिक नंबर (प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा ओळख क्रमांक) आहे का, बोअर तोच लिहिला आहे का, मुदत शिल्लक आहे का, हे वाचा. रायफल ३०३ ची निघाली तर विषय तिथेच थांबवा, तो बोअर साध्या परवान्यावर चालत नाही. व्यवहार परवानाधारकांत परस्पर असेल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं असतं. त्याआधी बयाणा देऊ नका. ‘कागद मागाहून करू’ म्हणणाऱ्याला तर चहाचे पैसेही देऊ नका.