दगडावर फक्त साल

आपल्याकडे पेपरात "बेवारस मृतदेह" अशी दोन ओळींची बातमी येते, आपण पान उलटतो आणि विषय संपतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये बॉइल हाइट्स भागात काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाची, दफनभूमी आहे, तिथे दर डिसेंबरात ज्यांना न्यायला कोणी आलंच नाही अशा लोकांच्या अस्थी एकत्र पुरतात, आणि ही पद्धत १८९६ पासून चालू आहे म्हणे. सगळेच बेघर नसतात हां, काहींना घरं होती, पण नातेवाईक सापडले नाहीत किंवा सापडले पण अंत्यविधीचे पैसे नव्हते.

दहन झालं की अस्थी साधारण तीन वर्षं जपून ठेवतात, कोणी येईल या आशेवर. नाहीच आलं तर वर्षभराच्या सगळ्यांची मिळून एकच कबर. २०२३ मध्ये १,९३७ जण होते, बहुतेक २०२० मध्ये गेलेले, म्हणजे कोविडचं पहिलं वर्ष, बघा! वेगवेगळ्या धर्मांचे लोक प्रार्थना म्हणतात, अनोळखी माणसं फुलं घेऊन येतात. आणि कबरीवर जमिनीलगत एवढासा दगड, त्यावर नाव नाही काही नाही, फक्त साल.

मला ते तीन वर्षं थांबणं जास्त लागलं. आपण दहाव्याला कावळा शिवेना तर कासावीस होतो, इथे सरकारी कपाटातला डबा वाट बघतोय.

अमेरिकेत बऱ्याच शहरांत २१ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या सुमारास, त्या वर्षी गेलेल्या बेघरांची नावं मोठ्याने वाचतात. एकेक करून. ज्याचं नावच माहीत नाही त्यालाही गाळत नाहीत.